माझ्या इंजिनामागचे डबे

चार म्हातारे रोज एका टिनाच्या शेडखाली बसले, की किस्से भट्टीतल्या राखेसारखे साचतात. उपसावे लागतात. म्हणून उपसतो.

लोहारा गावात माझं वेल्डिंगचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण हातभर लांबीचं वाफेचं इंजिन मी स्वतः बनवलं. आपल्या यवतमाळच्या छोट्या लाइनवर, नॅरोगेजवर, धावायचं, अगदी तसं. खरा कोळसा, खरी वाफ. तान्ह्या पोळ्याला ते चौकात चालवून दाखवायचं ठरलं. मी जाहीर केलं, "मागं मालगाडीचे डबे त्याच काळातले लागतील. एक जरी गोष्ट चुकीच्या काळातली निघाली, तर इंजिन उचलून घरी नेईन!"

डबे पास करायला बापूराव. त्याच लाइनवर गार्ड होते. रिटायर झाले, तरी हिरवी झेंडी खिशात असते. वाक्य एकच, "माही गाडी कधी अडली नाही!"

*

पहिला डबा शेषराव सुतारानं केला. कोळशाचा. राजूरच्या कोळसा खाणीवर जाऊन, उभी मालगाडी बघून आलेला. डबा इंजिनाच्या दुप्पट!

"शेषराव, इंजिन डब्याले ओढन, का डबा इंजिनाले?" मी विचारलं.

"मोठ्या लाइनचा हाय. अन् आजचा," बापूराव म्हणाले. "नापास!"

शेषराव डबा घरी घेऊन गेला. त्यात आता त्याची कोंबडी अंडी घालते.

*

आमच्यातला चौथा राठोड. त्याच्या जावयानं पुण्याहून कंटेनरचा डबा पाठवला. निळा, चकचकीत.

"तवा कंटेनर कुठं होते?" बापूराव म्हणाले.

"जावयानं धाडला, वापस कसा करू?" राठोड म्हणाला. "पोरगी नांदून राह्यली तिथं!"

मी निकाल दिला. "डबा नापास. जावई पास."

*

मग शेषरावनं कापसाचा डबा केला. लाकडी, मापात. आत खरा कापूस ठासला. ट्रायलला धुराड्यातून ठिणगी उडाली आणि कापूस पेटला! राठोडनं हातातला चहा ओतला, तेव्हा विझला.

आम्ही बापूरावांकडे पाहिलं.

"तवाही असाच पेटत जाय," ते म्हणाले. "पास!"

*

राठोडचं म्हणणं वेगळंच. त्याचे पूर्वज बैलांवर माल लादून गावोगाव फिरत.

"लाइन आली अन् आमचं काम गेलं. पण चौकातल्या चढावर बैलच लागन, मिस्त्री. आताच जोडून ठेव!"

"माझ्या इंजिनापुढं बैल? मी मेल्यावर जोड!"

"मेल्यावर कोन पाहाले येते!"

"बापूराव, सांगा याले. गाडीले कधी बैल लागले का?"

"माही गाडी कधी अडली नाही," बापूराव म्हणाले. जरा जास्तच जोरात.

*

तान्हा पोळा आला. चौकात पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून उभी होती. माझं इंजिन सुटलं. मागं चार डबे, कापसाचा आणि शेषरावनं त्याच मापात केलेले आणखी तीन, चारही पास. शिट्टी! टाळ्या!

मग रुळांखाली फळी लावून केलेला चढ आला. इंजिन फुसफुसलं आणि थांबलं. चाकं जागेवरच फिरू लागली. मी कोळसा टाकला, वाफ वाढवली. काही नाही. सारा चौक बघत होता. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

राठोडनं पिशवीतून लाकडी बैल काढला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पायांखाली चाकं. दोरी धरून माझ्याकडे बघत राहिला.

"जोड," मी म्हणालो. दुसरीकडे बघत.

बैल पुढं, इंजिन मागं, दोरी राठोडच्या हातात. गाडी चढली! चौक पोट धरून हसला. मी इंजिन उचलायला वाकलो. गाडीपुढं बैल त्या काळातला नव्हता, आणि शब्द म्हणजे शब्द.

तेवढ्यात समोर बसलेली एक म्हातारी उठली.

"ठेव भाऊ, खाली ठेव. असंच होत जाय. आमच्या वावराजवळ गाडी अडली, तं माह्या बुढ्यानं बैल लावलते." तिनं चष्मा सावरला आणि बापूरावांकडे बोट केलं. "हेच तं आलते बैल मांगाले!"

आम्ही तिघंही बापूरावांकडे वळलो.

बापूरावांनी खिशातून हिरवी झेंडी काढली. बैलाला दाखवली.

"पास!"