मार्कंड्याला जे बोलता आलं

बायकोच्या पोटात गाठ निघाली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला, पण ती तयार होईना. मी फक्त रिपोर्टांची फाईल नीट लावत राहिलो. एकदा ती म्हणाली, "मी गेली तं तुमाले काय फरक पडते?" मी उठून अंगणात निघून गेलो. आमच्या घरात पुरुष असेच गप्प असतात. देवावरचाही माझा विश्वास तेव्हा डळमळला होता.

तरी सोमवारी गोंडपिपरीहून एकटाच मार्कंड्याला महादेवाच्या देवळात गेलो. पिंडीसमोर हात जोडले, पण तोंडून शब्द फुटेना. बाहेर येऊन वैनगंगेच्या पायऱ्यांवर बसलो. शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ रडत होते, अगदी उघडपणे, लोकांच्या देखत.

"काय झालं भाऊ?" मी विचारलं.

"काई नाई. माह्या घरवालीले जाऊन पाच वर्षं झाले. आज तिची याद आली, म्हणून रडून राह्यलो." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. "तुमी कोणासाठी आले?"

"बायकोचं ऑपरेशन आहे."

"भेव लागून राह्यलं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. 'हो' म्हटलं आणि बावन्न वर्षांचा मी लहान लेकरासारखा रडलो. ते पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "देवाच्या दारात रडले, बरं झालं. आता तिले सांगा." मी नदीवर तोंड धुऊन वळलो, तर ते गर्दीत कुठे गेले, दिसले नाहीत. नावही विचारायचं राहून गेलं.

घरी आलो तेव्हा ती भाजी निवडत होती. जवळ बसलो. "मले लई भेव लागून राह्यलं. तुह्याबिगर मी राहू नाई शकत."

तिचे हात थांबले. "मंग इतके दिवस काऊन नाई बोलले? मले वाटे, तुमाले काईच नाई वाटत." मग भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "चला, जाऊ ऑपरेशनले."

तिला आत नेताना माझे डोळे पुन्हा वाहू लागले. तिचा भाऊ माझ्या दंडाला धरून म्हणाला, "भाटवे, सगळे पाहून राह्यले." स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "रडू दे त्यायले."

ती बरी झाली. पायऱ्यांवर भेटलेले ते कोण होते, याचा मी शोध घेतला नाही. सगळं देवावर सोपवायचं म्हणजे मुकाट सोसायचं, असं मी समजत होतो. आता रोज हात जोडतो, मनात असेल ते त्याला सांगतो, आणि मग तेच तिच्याजवळ जाऊन बोलतो.