धोंडिबाचे तीन चेंडू

हडपसरच्या एका बँड पथकात धोंडिबा साळवे पस्तीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. नवरदेव घोडीवर बसला की पहिला लांब सूर त्याचा. तो निघाल्याशिवाय घोडी पाऊल टाकत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. नम्रपणा त्याच्या वाट्याला जरा कमीच आला होता.

यंदा ऐन लग्नसराईत त्याला ताप भरला, छातीत कळा येऊ लागल्या. शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. हा गोळ्या गिळून आणखी सात वराती वाजवून आला. आठव्या वरातीत पहिला सूर मध्येच तुटला आणि तो रस्त्यावरच बसला. बायकोने, हिराने, त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. न्यूमोनियापायी उजव्या फुफ्फुसाभोवती पू साचला होता. नळी घालून काढायला गेले, तर तो घट्ट होऊन फुफ्फुसावर त्याची जाड साल बसलेली.

"दुर्बिणीतून ही साल सोलून काढू. मग फुफ्फुस पुन्हा फुगेल," डॉक्टर म्हणाले.

"वाजवता येईल का?" धोंडिबाने एवढंच विचारलं.

"आधी श्वास घ्या, मग बघू."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वल्लरी नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र तिने त्याच्या हातात दिलं. नळी तोंडात धरून चेंडू वर उचलायचे, म्हणजे फुफ्फुस उघडतं. ती करून दाखवणार, तोच धोंडिबाने हात आडवा केला.

"ताई, पस्तीस वर्षं हेच करतोय. मला शिकवता?"

वल्लरी हसून पुढच्या खाटेकडे वळली.

मग धोंडिबाने फुंकलं. चेंडू ढिम्म. "अहो, जोर लावा की!" हिरा म्हणाली. भेटायला आलेल्या क्लॅरनेटवाल्या पृथ्वीराजने "पोटातून फुंक" असा मोलाचा सल्ला दिला. टाके ओढले, घाम फुटला, चेंडू तळाशीच. दोन दिवस हेच चाललं. शेवटी धोंडिबाने यंत्र उशीखाली सारलं.

"हिरे, फुफ्फुस गेलं माझं. ट्रम्पेट देऊन टाक कुणाला तरी."

हिराला रडू आवरेना. तेवढ्यात वल्लरी आली.

"काका, करून दाखवा बरं."

त्याने गाल टम्म फुगवून फुंकलं. वल्लरी हाताची घडी घालून बघत राहिली.

"काका, इथे वरात निघालेली नाही. हवा आत ओढायची असते."

धोंडिबाने ओशाळून हवा आत ओढली. पहिला चेंडू थरथरला आणि टक्कन वर चिकटला. दुसरा अर्ध्यावर येऊन पडला. धोंडिबा हसायला लागला, कूस दाबून हसला आणि हसता हसता रडला. "पस्तीस वर्षं म्हणे!" हिराने डोळे पुसत टोमणा मारलाच.

तीन महिन्यांनी एक्स-रे बघून डॉक्टरांनी वाजवायला परवानगी दिली. घरी येऊन त्याने ट्रम्पेट काढला, ओठांना लावला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच धोंडिबा सुराला घाबरला होता.

हिरा मागे येऊन उभी राहिली. टाक्यांच्या खुणांवर तिने अलगद तळवा ठेवला. त्याने श्वास घेतला, सावकाश, पोटभर. बरगडी वर उचलली गेली, ते तिच्या हाताला कळलं.

"भरलं," ती म्हणाली. "आता फुंका."