निवळीतला पुरावा

हळदीचा वास आला की ती घटना आजही आठवते, आणि स्वतःचीच लाज वाटते.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. संस्थानी अमलात मी सांगलीकडे फौजदार होतो. गावाबाहेर हळद साठवायची पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे कोठार. त्यांतल्या एकात एक हमाल मेलेला सापडला. अंगावर जखम नव्हती. प्रेत दोर-आकड्याने वर काढले, पंचनामा केला आणि तोंडावर फरशी बसवून पेव सील केले.

त्याच दुपारी पेवांचा मुकादम ठाण्यावर खबर घेऊन आला. आदल्या दिवशी मयताचे धाकट्या भावाशी कडाक्याचे भांडण झाले होते म्हणे. आयती खबर मिळाली की पोलिसाचे डोके चालेनासे होते. मी भावाला उचलले. दोन दिवस तो नाहीच म्हणत होता. तिसऱ्या दिवशी हवालदाराने त्याची बोटे दाराच्या फटीत धरली. मी बाहेर चहा पीत होतो. दारूतून सोमल घातल्याची कबुली त्याने दिली आणि फाशीचे प्रकरण तयार झाले.

डॉक्टरांनी मात्र प्रेत तपासून सांगितले, पोटात दारू नाही आणि विषही नाही. ते स्वतः पेवावर आले आणि फरशी काढायला लावली. पेटता कंदील आत सोडला, तो पुरुषभर खोलीवरच विझला. मग दोराला बांधून चुन्याच्या निवळीचे उघडे भांडे सोडले. जाताना निवळी पाण्यासारखी स्वच्छ होती, वर आली ती दुधासारखी. थोड्या वेळाने तळाशी पांढरा साका बसला. डॉक्टर म्हणाले, मीठ हाताला लागते, पाणी डोळ्यांना दिसते. बंद पेवातल्या हळदीतून निघणारा हा कर्बवायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हवेपेक्षा जड म्हणून तो खाली साचून राहतो. निवळीत शिरला म्हणून साक्याच्या रूपाने हाती लागला. तो साका मी बाटलीत भरून मुद्देमाल म्हणून सील केला.

मग तिथली रीत विचारली. उघडलेले पेव दिवसभर तसेच ठेवायचे, नंतर कंदील सोडायचा, आणि तो विझला तर कोणी उतरायचे नाही. कंदील पेटवून देणारी म्हातारी जवळच हळद निवडत होती. त्या दिवशी कंदील सोडला होता का, असे मी तिला विचारले.

"व्हय. इझूनच वर आला. मुकादम म्हनला, वात खराब हाय, उतर तू. गाड्या खोळंबल्या व्हत्या."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तुमी मुकादमालाच इचारलं, सायेब. मला कवा इचारलं?"

मुकादमाने तासाभरात सगळे कबूल केले. त्याला बोटही लावावे लागले नाही. पुढे त्याला शिक्षा झाली, थोडीच. भाऊ सुटला, त्याची दोन बोटे मात्र कायमची वाकडी झाली. केले नव्हतेस तर कबूल का झालास, असे मी त्याला निघताना विचारले.

"भाऊ मेला व्हता, बोटं मोडत व्हती," तो म्हणाला. "तुमाला जे पायजे व्हतं ते म्हनलो."

त्यानंतर मारून काढलेल्या कबुलीवर मी कधी सही केली नाही. हे लोकांना सांगायला बरे वाटते. पण त्या हवालदारावर अहवाल लिहायला हवा होता, तो मी लिहिला नाही. लिहिला असता तर त्या वेळी फौजदार कुठे होते, हेही त्यात लिहावे लागले असते.