जावयाचा मान, विमानात

सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. म्हैसूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पाय लांब ठेवूनच न्या, नाहीतर नेऊच नका." म्हणून जर्मनीतल्या मेव्हण्यानं आईसाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. बायको आणि मी मागं, साध्या वर्गात.

बंगळूरला विमानात शिरल्यावर सासूबाई आपली पलंगाएवढी खुर्ची ओलांडून सरळ पडद्यापलीकडं गेल्या आणि माझ्या जागेवर, लेकीशेजारी बसल्या.

"अम्मा, तुमची जागा पुढं आहे."

"अय्यो, जावयाला मागं बसवून मी पुढं पाय पसरू? सुम्ने, गुपचूप जाऊन बसा तुम्ही."

मी बायकोकडं पाहिलं. "जा की," ती म्हणाली, "तिनं कधी कुणाचं ऐकलंय?"

आणि मी गेलो! अजून संताप येतो तो याचाच. पंचवीस वर्षं त्या घरी पहिलं पान माझं, तूप सोडलेली पहिली पोळी माझी. असल्या लाडानं माणूस बिघडतो. गरम टॉवेल आला, तो मी नॅपकिन समजून मांडीवर पसरला आणि पँट ओली करून घेतली. मग बटण दाबून आडवा झालो. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत!

दोनेक तासांनी लाज वाटून मागं गेलो. बायको झोपलेली. सासूबाईंचा पाय समोरच्या सीटखाली कोंबलेला, घोटा सुजून मोज्याची कड आत रुतलेली.

"काही दुखत नाही हो," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"उठा!" मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता उठा! खड्ड्यात गेला तो मान!"

पाचपन्नास माना वळल्या. बायको दचकून जागी झाली आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की लग्नातसुद्धा इतकं निरखून पाहिलं नसेल. सासूबाई उठल्या. माझा हात झिडकारून, एकेक सीट धरत पुढं गेल्या. उरलेला प्रवास त्यांचा पाय लांब राहिला.

उतरल्यावर त्या स्वतःच्या पायांनी चालल्या. बाहेर मेव्हण्यानं विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"चार माणसांत ओरडले मला हे," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मेव्हणा माझ्याकडं बघतच राहिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या डोळे पुसून म्हणाल्या, "येताना मात्र ह्यांनाच पुढं बसवायचं."

मी तोंड मिटलं. माफी अजून मागितलेली नाही.