ओदार्काचं तोंड आणि काळं मलम

ओदार्काला समोर सगळे ओदार्काबाई म्हणायचे, आणि पाठ वळली की रेडिओ. आमच्या गावचा दवाखाना म्हणजे ती एकटी. दोन खोल्या, एक खाट, एक काचेचं कपाट आणि कपाटाची किल्ली गळ्यात बांधून फिरणारी ओदार्का. इंजेक्शन, टाके, गळवं, अडलेलं बाळंतपण, सगळं तिच्याच हातून व्हायचं. हात इतका हलका की सुई टोचलेली कळायची नाही. तोंडाचं मात्र काही विचारू नका. सकाळी कुणाच्या ढुंगणावरचं गळू फोडलं की दुपारी पावाच्या रांगेत ते बोराएवढं होतं की अक्रोडाएवढं, यावर वाद चाललेला असायचा. मला मूळव्याध आहे हे गावभर झालंय ते मला कळलं, दुकानातल्या पोरीने विचारलं, "आता कसं वाटतंय प्रिस्काआजी?" म्हणून.

मी तिला गाठून म्हटलं, "ओदार्का, तुला लाज कशी वाटत नाही?"

"अगं, वाईट काय सांगितलं मी? बरी होतेयस असंच सांगितलं की."

तिचा नवरा शेवटच्या दुखण्यात हट्टाने शहरातल्या इस्पितळात जाऊन पडला. मला म्हणाला होता, "तिथं मेलो तर कशानं मेलो ते तरी माझं मला राहील." बिचाऱ्याचं तेही राहिलं नाही. अंत्यविधीच्या जेवणात ओदार्काने रडत रडत सगळं सांगून टाकलं, आणि वाढणाऱ्या बायका तिच्यापुढे नुसत्या वाडगी सरकवत राहिल्या.

अशी बाई. तिचं तोंड म्हणजे एवढी वर्षं आमची करमणूक होती. मग सीमेपलीकडून फौजा आल्या आणि त्याच तोंडापायी माझी झोप उडाली.

झोप उडण्याचं कारण माझ्या मुलाच्या डाव्या खांद्यावर होतं. तिमिश पहिल्या लढाईच्या वेळी सक्तीने भरती झाला, तिथं मालाचा ट्रक चालवला आणि परत येताना खांद्यावर गोंदवून आला. आपल्या देशाचं चिन्ह असलेला त्रिशूळ, आणि त्याखाली ट्रकचं चाक. मी म्हटलं, "त्रिशूळ समजला, चाक कशाला?" तर म्हणे, "आई, मी ड्रायव्हर होतो." बायको दुसरीकडे निघून गेली, ते चाक राहिलं. धनुर्वाताचं इंजेक्शन ओदार्काने त्याच खांद्यात दिलेलं. म्हणजे तिला माहीत, म्हणजे गावाला माहीत.

थंडीच्या शेवटी रणगाडे आमच्या रस्त्याने गेले आणि त्यातले काही शाळेच्या मैदानात राहिले. तळ्याच्या बांधावर उभं राहिलं तर फोन लागायचा. पलीकडे सीमेपार बेल्गोरोदला माझी धाकटी बहीण झिना राहते, लग्न करून गेली तेव्हापासून. तिचा पहिला फोन आला तेव्हा माझ्या मागे धूर निघत होता.

"ताई, घाबरू नकोस. ते तुम्हाला नाझींपासून सोडवायला आलेत."

"कुठल्या नाझींपासून गं?"

"तुमच्याकडे आहेत ना! टीव्हीवर रोज दाखवतात."

"गावात कोण कुठं राहतं ते तुलाही ठाऊक आहे. नाव सांग, आजपासून त्याच्याशी बोलणं बंद."

"तुला कळणार नाही ताई. ते लपून असतात."

आता आमच्याकडे असलं कुणी कधी नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. एक स्तास होता. डोकं भादरून, जाड बूट घालून फिरायचा. इंटरनेटवर काय काय वाचायचा आणि एकदा बसथांब्याच्या भिंतीवर हिटलरवाल्यांचा तो वाकड्या हातांचा क्रूस काढून ठेवला. त्याच्या आईने त्याला कानाला धरून आणलं, कुंपणाचा उरलेला निळा रंग हातात दिला आणि सगळ्या गावासमोर भिंत रंगवायला लावली. आता तो पोलंडमध्ये कोंबड्या सोलतो आणि आईला पैसे पाठवतो. त्याच्यासारखे तालुक्याच्या गावी आणखी चारदोन असतील. निवडणुकीला उभे राहिले तर त्यांची मतं मोजायला वेळ लागायचा नाही.

पण रणगाडा वळवताना थांब्याची भिंत खरवडली गेली, निळा रंग निघाला आणि खालचा क्रूस अर्धा वर आला. झालं. त्यांच्या टीव्हीचे कॅमेरावाले आले. बाईने माईक धरून कायकाय सांगितलं. दुसऱ्या दिवशी बांधावर झिनाचा आवाज चढलेला.

"पाहिलं मी! तुमचाच थांबा! माझ्या डोळ्यांनी पाहिला! तिथं बसून मी सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्यात!"

"अगं, तो स्तासने—"

"पाहिलंस? आहेत ना?"

त्या थांब्यावरून झडती सुरू झाली. शाळेत बसलेला मेजर वयस्कर होता, मिशा पांढऱ्या. सगळ्यांना मैदानात उभं करून म्हणाला, माझा आजा याच नदीवर फॅसिस्टांशी लढताना मेला, त्याची शपथ, एकालाही सोडणार नाही. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटतं त्याला ते सगळं मनापासून खरं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. घरोघर जायचं काम मात्र ग्राच नावाच्या माणसाकडे होतं. खरं नाव नव्हे, त्यांच्या फौजेत सगळ्यांना असलीच टोपणनावं. दारात उभा राहून म्हणायचा, "शर्ट काढ." गोंदलेलं दिसलं की गाडीत. गिरणीकडच्या मिकोलाला जुन्या आरमारात असताना गोंदवलेल्या जहाजाच्या नांगरापायी नेलं; तो आला तो बरगड्या धरूनच. त्याच्याबरोबर नेलेला एक जण अजून आलेला नाही.

आमची गल्ली शेवटची. तिमिशला म्हटलं, "रानात जा." तर म्हणे, "आणि तुला विचारलं मुलगा कुठाय, तर?" मी सारखी खिडकीशी जायची, पुन्हा चुलीशी यायची. बीटाचं बोर्श दोनदा खारट केलं. तिमिशने दोन्हीदा मुकाट्याने खाल्लं.

आणि मग ग्राचची गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली.

सगळी गल्ली पडद्याआडून बघत होती. सगळ्यांच्या मनात एकच. गावातल्या प्रत्येक पुरुषाचं अंग जिने पाहिलंय अशी एकच बाई, आणि तिला एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही. ग्राचला कुणी सांगायची गरजच नव्हती, पहिल्या दुकानात त्याला कळलं असणार.

बऱ्याच वेळाने गाडी गेली. मी डोक्याला रुमाल गुंडाळून थेट तिच्याकडे.

"काय विचारलं त्यानं?"

ती कात्र्या उकळत होती. "पाठीवर गळू होतं त्याला."

"केवढं?"

ओदार्काने चिमट्याने एक कात्री बाहेर काढली. देवाची शपथ, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिने गळवाचा आकार सांगितला नाही.

"ओदार्का, माझ्या तिमिशचं नाव घेतलंस का?"

"घरी जा प्रिस्का. गाईची धार काढायची असेल तुझ्या."

त्या दिवशी पावाच्या रांगेतही ती तशीच. लोक मुद्दाम खोकले, मुद्दाम आपापली दुखणी काढली. हिचं तोंड शिवलेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "विकली गेली." मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी ती आमच्या दारात पिशवी घेऊन उभी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तिमिश, शर्ट काढ. आणि तू प्रिस्का, जाडं मीठ आण."

तिने त्या त्रिशुळावर मीठ चोळलं. माझं पोर रणगाड्यांना घाबरलं नव्हतं, पण मिठाला असं ओरडलं की कोंबड्या छपरावर गेल्या. कातडी लालभडक सोलवटली. मग तिने पिशवीतून डबा काढला, गळवाला लावतात ते डांबरासारखं काळं मलम, वास असा की मांजर खोलीतून निघून गेलं. ते बोटभर जाड थापलं, दंडापासून मानेपर्यंत.

"मावशी, हे काय?" तिमिश दात खाऊन म्हणाला.

"खरूज. गावात साथ आलीय. कुणी दिसलं की खाजव. आणि ती नखं राहू दे तशीच, मळकी."

दुपारी रांगेत रेडिओ सुरू झाला. खरूज, बायांनो, खरूज! तिमिशला खांद्यावर, त्या तमक्याला काखेत, सुताराला तर सांगवत नाही अशा जागी. पोटात काहीच ठेवलं नाही. गोंदलेल्या आणि न गोंदलेल्या, मिळतील तेवढ्या पुरुषांना तिने मलम फासलं. सुतार तिच्यावर धावून गेला, "माझ्या बायकोनं मला गोठ्यात झोपायला लावलंय!" तर ही म्हणाली, "गाईला लागू नये म्हणजे झालं." शाळेच्या फाटकावरच्या शिपायांनाही तिने ऐकवलं, कुणालाही हात देऊ नका, बाळांनो. त्यांनी लगेच हात खिशात घातले. विश्वास न ठेवायला कारणच नव्हतं. या बाईला काही लपवता येत नाही हे त्यांनीही ऐकलेलं.

तरी ग्राच आमच्या अंगणात आलाच. मेजर फाटकाशी थांबला, नाकाला रुमाल लावून. ओदार्का तिमिशचं मलम बदलायला आली होती, डबा बाकावर उघडा.

"शर्ट काढ," ग्राच म्हणाला.

तिमिशने काढला आणि खाजवायला लागला. इतकं मन लावून खाजवलं की मलाही खाज सुटली. बाकीचे शिपाई दोन पावलं मागे सरले. ग्राच सरला नाही. त्याने ते काळं टरफल बघितलं, मग ओदार्काकडे बघितलं, मग माझ्या दोरीवरचं धुतलेलं फडकं ओढलं.

"पूस ते, आजीबाई."

तिमिशचा हात खाजवता खाजवता थांबला.

"पुसते की," ओदार्का म्हणाली, आणि फडकं हातात घेतलं. "पण मग साहेब, तुमच्याही पाठीवरची पट्टी आत्ताच बदलून टाकू. मलम एकाच डब्यातलं. इथं अंगणात उजेड चांगला आहे. मेजरसाहेबही आहेत, त्यांनाही दाखवता येईल जखम कशी भरतेय."

ग्राचने वळून फाटकाकडे बघितलं.

"माझं वय झालं, बाबा. दोन माणसांचं अंग पोटात ठेवायचं म्हणजे जड जातं. एकाचं बाहेर पडलं की दुसऱ्याचंही पाठोपाठ येतं. हवं तर गावात विचारा, मला काय म्हणतात ते."

फाटकातून मेजर ओरडला, "काय चाललंय तिकडे?"

ग्राचच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने तिच्या हातातून फडकं घेतलं आणि अंगणातल्या चिखलात टाकलं. "खरूज आहे," तो म्हणाला. "सगळं गाव सडलंय."

ते गेल्यावर ओदार्का बाकावर बसली ती उठेचना. तेव्हा तिने मला कानात सांगितलं. ग्राचच्या गळवाच्या अगदी शेजारी, पाठभर पसरलेला गरुड, आणि गरुडाच्या पायात तोच वाकड्या हातांचा क्रूस. आमच्या थांब्यावर होता तसाच, फक्त स्तासपेक्षा चांगल्या हातानं काढलेला. गळू फोडताना तिने शर्ट वर केला आणि त्यानं मान वळवून म्हटलं, "मेजरला कळलं तर तुला जिवंत ठेवणार नाही." ते पोटात घेऊन ती दोन दिवस फिरत होती. "कुणाला सांगू गं?" मला म्हणाली. "माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि सांगायला कुणी नाही."

त्या दिवसापासून ती आपल्या घरी राहिली नाही. कधी आमच्याकडे, कधी सुताराकडे. ग्राचने दवाखान्याचं काचेचं कपाट फोडलं आणि जाताना शेजारणीला सांगून गेला, रेडिओ बंद राहिला तर बरं. उन्हाळाभर बंद राहिला. ती वाळली. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायची. गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी एकदम उठायचो आणि एकमेकींना धडकायचो. बटाटे काढताना मी तिच्याकडे आणि ती रस्त्याकडे बघायची.

पानं पिवळी पडायच्या सुमाराला ते एका सकाळीत गेले, रांधलेलं चुलीवर टाकून. आपली माणसं आली. पावाची गाडी आली, रांग लागली, आणि ओदार्काने तोंड उघडलं. गरुड, क्रूस, गळू, सगळं. लोक पाव घेऊनही हलेनात. अक्रोडाएवढं होतं, ती म्हणाली, आणि सगळ्या रांगेने उसासा टाकला. मग तिमिश मिठाला कसा डुकराच्या पिल्लासारखा ओरडला तेही सांगितलं. लोक हसले, किती महिन्यांनी हसले. तिमिशही हसला.

आता फोन घरातही लागायचा. झिनाचा फोन आला तेव्हा ओदार्का माझ्याच स्वयंपाकघरात होती.

"सापडला का ताई कुणी नाझी?" झिना म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओदार्काने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "एक सापडला गं झिना. मीच त्याचं गळू फोडलं." आणि मग जी सुरू झाली, पाठ कशी, गरुड कसा, मेजर कुठं उभा होता. शेवटी झिना म्हणाली, "हे टीव्हीवर नाही दाखवलं," आणि फोन ठेवला. तेव्हापासून तिने केलेला नाही. मी रोज फोन चार्ज करून ठेवते.

तिमिशचा खांदा भरला. त्रिशूळ परत वर आला, पुसट. चाकाचे मात्र दोनच आरे उरले. तो पुन्हा आपल्या फौजेत गाडी चालवायला गेला आहे, यावेळी स्वतःहून. ओदार्का रोज येते, बिया सोलत बसते, गावभरची दुखणी सांगते. आजही ती तोंड उघडायला लागली की माझा जीव आधी दाराकडे धावतो, तिमिशने शर्ट घातलाय ना ते बघायला. मग आठवतं, तो घरात नाही.