दोन घागरी, आठ ढेकळं

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या पॅसेंजरमध्ये बसले, तेव्हा खिडकीचा गज हाताला चटका देत होता. पुण्याच्या कॉलेजात मी विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवते. ऐन वैशाखात खानदेशात जाऊ नये, एवढं शहाणपण मात्र त्यातून येत नाही. पण जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी माझी मैत्रीण वैशाली म्हणाली होती, "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझ्या माहेरी चल. पाहुण्यासमोर तरी नाना माझ्याशी बोलतील."

अबोला पावसावरून होता. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात आखाजीच्या सकाळी नाना, म्हणजे तिचे वडील, मातीची चार ढेकळं मांडतात. पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं एकेक ढेकूळ, आणि वर पाणी भरलेली नवी घागर. झिरपून जे ढेकूळ जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस जास्त. संध्याकाळी नाना ओट्यावर बसून ते सांगतात आणि गाव त्यावर कपाशीची लागवड ठरवतं. गेल्या वर्षी वैशालीने सगळ्यांदेखत याला थोतांड म्हटलं आणि आखाजीला माहेरवाशिणींसाठी बांधतात त्या झोक्यावर न बसताच जळगावला परतली.

धुळ्याला ती मला घ्यायला आली, तेव्हा तिच्या हातात कोरी घागर होती. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ढेकळं मांडत होते. वैशालीने शेजारी आपली घागर ठेवली. "नाना, दोन मांडू. दोन्हीस्नं येगळं उनं, तर?" (दोन्हींचं वेगळं आलं तर?)

नानांनी तिच्याकडे पाहिलं. वर्षभरानंतर पहिल्यांदा. "आनि एकच उनं, तर तू मानशी का?"

तिने खरं ते सांगितलं, "नई."

"मंग मीच एकला कसाले हारू?"

वर्गात मी हाच प्रश्न तासभर घोळवते, आणि तो इथे शेणाने सारवलेल्या अंगणात कुणीतरी रागावून विचारत होतं. मला दोघांचंही फार कौतुक वाटलं. वैशाली खाली बसली. "एकच उनं, तर शाळामा याले थोतांड म्हननार नई. दरसाल येसु, तुमना संगे मांडसु." (दरवर्षी येईन, तुमच्यासोबत मांडीन.)

"येगळं उनं, तर मी पाऊस सांगनार नई," नाना म्हणाले आणि तिच्यासाठी चार ढेकळं उचलून आणली.

दुपारी अक्कांनी, वैशालीच्या आईने, खापरावरची पुरणपोळी वाढली. रुमालाएवढी, आणि रुमालासारखीच पातळ. ती आमरसात बुडवताना माझी कोपरापर्यंत शोभा झाली. बापलेकींचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं.

उन्हं उतरल्यावर घागरी उचलल्या. नानांचं श्रावणाचं ढेकूळ चिंब होतं. वैशालीचं श्रावणाचं कोरडं ठणठणीत, आणि भिजला होता भादवा.

ओट्यासमोर माणसं जमलीच होती. नाना गेले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "औंदा माले माहीत नई."

"असं कसं, नाना?" कुणीतरी विचारलं. "बठ्ठा गाव थांबेल शे." (सगळं गाव थांबलंय.)

"माले माहीत नई," नाना पुन्हा म्हणाले. माणसं कुरकुरत पांगली.

वैशाली जिंकली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "नाना, मी तुमले गावमा हलकं करं."

"तू नई. मी शब्द देयेल व्हता," नाना म्हणाले. मग लिंबाला बांधलेल्या झोक्याकडे हात केला. "बस. मांगला सालना झोका बाकी शे."

ती बसली आणि नानांनी झोका दिला.

परतीच्या गाडीत अक्कांनी बांधून दिलेल्या सांजोऱ्या खात मी पुढच्या तासाचा विचार करत होते. चूक मान्य करायची तयारी म्हणजे विज्ञान, हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि मुलं ते उतरवून घेतात. या वेळी ते लिहून झालं, की मी त्यांना ओट्यावरच्या त्या माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याने लेकीला दिलेला शब्द पाळत गावासमोर 'माले माहीत नई' म्हटलं.