वीतभर माया

टेलरमास्तर आणि टकलू यांची मैत्री प्लायवूडच्या एका पार्टिशनवर उभी होती. अलीकडे मास्तरांचं शिवणकाम, पलीकडे टकलूचं सलून, आणि पार्टिशन वर छतापर्यंत पोचलेलंच नव्हतं. ठेकेदाराने फळ्या वाचवल्या आणि दोघांचा जन्म सुखाचा करून ठेवला. केस कापणाऱ्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, म्हणून गल्लीने त्याला टकलू नाव ठेवलं होतं, आणि त्याचा त्याला रागही नव्हता.

दोघे एकमेकांशी दिवसभर बोलत, पण तोंड न बघता. मास्तर बाही जोडता जोडता वर बघून म्हणत, "टकल्या, यंदा ऊन फार आहे." पलीकडे वस्तरा चालू असे. बाहीचं काम संपून मास्तर कॉलरला लागले की उत्तर येई, "माझ्या डोक्याला विचार." मधला वेळ कोणी मोजत नसे. बोलायचं नसेल तेव्हा दोघे तासन्‌तास गप्प असत, आणि तेही बोलण्यातच धरलं जाई.

मग टकलूच्या मुलाने त्याला आपल्याकडे, लांबच्या शहरात नेलं. सलूनच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा एक तरुण आला. तो भला मुलगा होता, पण त्याच्या दोन्ही कानांत सतत काहीतरी खुपसलेलं असे. मास्तरांनी पहिल्या दिवशी सवयीने वर बघून उन्हाचा विषय काढला आणि तो तसाच छताला चिकटून राहिला.

फोन होता की, असं कोणीही म्हणेल. मास्तरांची बायकोही म्हणालीच. पण फोनवर या दोघांचं जमेचना. फोन उचलला की टकलू विचारी, "बोल, काय काम होतं?" आता काम काय असणार? मास्तर जरा विचार करायला थांबले की पलीकडून "हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं," आणि खरंच कट होई. गप्प बसायची सोय नसलेल्या यंत्रावर मैत्री करता येत नाही, हे त्या दोघांना कळलं होतं, सांगता मात्र कोणालाच येत नव्हतं.

एक दिवस टकलूच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा दिवसदिवस बोलत नाहीत हो. खिडकीत बसून असतात." त्या दिवशी त्यांनी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

यातून वाट काढली ती टकलूनेच. मुलाच्या शेजारी एक हौशी रेडिओवाले राहत. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, परवाना काढून आपण स्वतः बोलायचा. टकलू त्यांच्याकडे जाऊन बसला आणि पाहतो तर काय, लोक सेट चालू ठेवून आपापली कामं करताहेत, सुचलं की बटण दाबून बोलताहेत, नाही सुचलं तर नुसती खरखर. त्याने त्याच संध्याकाळी फोन केला. "मास्तर, वरून उघडं पार्टिशन सापडलं!"

दोघांनी परवान्याची परीक्षा दिली. टकलू पहिल्या फटक्यात पास झाला. मास्तर दुसऱ्या फटक्यात, पण त्याचा दोष ते प्रश्नांच्या छपाईला देतात. गल्लीच्या टोकाला टीव्ही दुरुस्त करणारा एकजण जुना परवानाधारक होता. त्याने मास्तरांना एक वापरलेला सेट मिळवून दिला, जुना मीटर वापरायला दिला आणि कपाटातून एक लांबट खोकंही काढलं.

"ही अँटेना. आयती आहे. गच्चीवर बांधली की झालं."

"आयती म्हणजे?"

"म्हणजे रेडीमेड."

झालं! ज्या शब्दाने मास्तरांचं अर्धं गिऱ्हाईक पळवलं, तो शब्द त्यांच्याच तोंडावर! मास्तरांनी खोकं दोन बोटांनी मागे सरकवलं. "कोणाच्या मापाची आहे ती? माझी गच्ची बघितली का त्यांनी? मी माझी शिवीन."

"शिवीन नाही हो, कापायची असते. सरळ तांब्याची तार. लांबी बरोबर असली की बोलते."

"मग तर आमचाच धंदा," मास्तर म्हणाले.

आणि इथेच घोडं पेंड खाणार होतं. धंदा मास्तरांचाच होता, आणि त्यांच्या धंद्यात माया ठेवतात. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवतात, ती माया. गिऱ्हाईक जाडजूड झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून. कोणी बोटभर ठेवतो, कोणी दोन बोटं. मास्तरांची माया सढळ. त्यांनी एखाद्या घरच्या थोरलीला शिवलेला ड्रेस तिन्ही बहिणींना पुरे आणि शेवटी आईलाही बसे. मापाबरहुकूम नेमकं कापायला त्यांचा हात धजतच नसे. एकदा कापलं की जगात कोणी जोडून देत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

दुरुस्तीवाल्याने माप दिलं, वीस मीटरच्या आसपास, मधोमध तोडून दोन सारखे तुकडे. "जराशी जास्त ठेवा, मग मीटर बघून कमी करू," हेही सांगितलं. मास्तरांनी 'जराशी' आपल्या हिशोबाने धरली. तार गच्चीवर टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या खोलीवरच्या खांबापर्यंत ताणायची होती. ताणली, तर तिला झोळ आला. मीटरचा काटा उजवीकडे जाऊन बसला, म्हणजे बोललेलं बाहेर न जाता सेटमध्येच परत येत होतं.

"कमी करा," दुरुस्तीवाला खाली मास्तरांच्या दुकानातून, सेटपाशी बसून ओरडला आणि स्वतःच्या कामाला निघून गेला.

मास्तरांनी कमी केलं. कापलं नाही बरं का. मधोमध, जिथे खाली सेटकडे येणारी केबल जोडली होती, तिथे दोन्ही बाजूंना चुण्या घातल्या. एकसारख्या, एकाच रुंदीच्या, प्रत्येक चुणी नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली. लागलीच तर सोडता येईल! लांबून बघणाऱ्याला वाटावं, आकाशाला परकर नेसवलाय.

रविवारी सकाळची वेळ ठरली होती. मास्तरांनी घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. खरखरीशिवाय काही नाही. पुढच्या रविवारी तेच. मग टकलूचा फोन आला आणि त्याचा आवाज मास्तरांना आवडला नाही.

"जाऊ दे रे मास्तर. म्हाताऱ्यांचे खेळ. येत्या रविवारी नाही ऐकू आलास तर मी हा डबा परत देऊन टाकतो."

"आणि मग काय करशील?"

"खिडकी आहे की."

मास्तर धावत दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि त्याला हाताला धरून गच्चीवर आणलं. त्याने मान वर करून एकेक चुणी पाहिली. "मास्तर, इतकी देखणी अँटेना मी जन्मात पाहिली नाही. आणि इतकी बिनकामाचीही."

"पण कमी केली ना मी! मोजा!"

"अहो, चुणीत कापड तेवढंच राहतं ना? वीज त्या प्रत्येक चुणीतून फिरून जाते. तुम्ही कमरेत चुण्या घातल्यात. मला घेर कमी हवाय. दोन्ही टोकांना. आणि कापून."

मास्तरांना एका क्षणात सगळं कळलं, आणि कळलं म्हणूनच ते जास्त घाबरले. कापून! उद्या कमी पडली तर? रविवार दोन दिवसांवर आला तरी त्यांनी कापली नाही. तारेखाली उभे राहत आणि खाली येत.

रविवारी सकाळी बायको पक्कड घेऊन पुढ्यात उभी राहिली. "सोडा त्या चुण्या आणि बसा खाली मीटरपाशी. मी जाते वर."

"अगं पण माया..."

"तार काय जाड होणार आहे? पोट सुटणार आहे तिला? माया माणसावर ठेवायची असते. तिकडे तो खिडकीत बसलाय, आणि तुम्ही इकडे तांबं वाचवताय!"

मास्तरांनी मुकाट्याने चुण्या सोडल्या आणि दुकानात येऊन बसले. वर बायको दोरी सैल करी, दोन्ही टोकं सारखी कापी, पुन्हा ओढून बांधी आणि जिन्यातून ओरडे, "हं, ट्रायल!" मास्तर बटण दाबून काटा बघत. काटा डावीकडे सरकला.

"अजून थोडं! बोटभर! बोटभरच!"

"वीतभर कापलं!" वरून उत्तर आलं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सगळा संसार या बाईने असाच केला होता, त्यांना न विचारता आणि बरोबर. डोळे उघडले तर काटा डावीकडे टेकला होता, अगदी तळाला. त्यांना अँटेनेचा नाही, बायकोचा अभिमान वाटला, आणि ते वर जाऊन सांगायला हवं होतं, पण घड्याळात वेळ झाली होती.

त्यांनी परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव घेतलं, टकलूचं घेतलं, आणि बटण सोडलं. खरखर. पुन्हा घेतलं. खरखर. मग त्या खरखरीच्या तळातून, नळीतून बोलल्यासारखा आवाज वर आला.

"मास्तर, कोणाचं शिवतोयस?"

मास्तरांचे डोळे भरून आले. बटण दाबायचं असतं हेच ते विसरले आणि नुसत्या हवेला उत्तर देऊन बसले. मग दाबलं. "पोलिसाची पँट. कंबर वाढलीय त्याची."

"सैल होईल?"

"माया आहे. होईल."

यावर बराच वेळ काही आलं नाही. मास्तरांनी सेट तसाच चालू ठेवला आणि पँट मांडीवर घेऊन तिची शिवण उसवायला घेतली. एक बाजू झाली, दुसरी घेतली. खरखर चालूच होती. टकलू आहे की उठून गेला, असं एकदा मनात आलं, फोन असता तर 'हॅलो हॅलो' केलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. दोरा ओवून घेतला.

मध्येच एक तिसराच आवाज आला, बोलायला मोकळी लहर शोधणाऱ्या कुठल्यातरी गावच्या अनोळखी गृहस्थाचा, अगदी अदबीने विचारत होता, "कोणी आहे का इथे? ही जागा मोकळी आहे का?"

मास्तर बटणाकडे हात नेणार, तोच टकलूचा आवाज आला, स्वच्छ आणि जरा चिडका.

"नाही हो साहेब, मोकळी नाही. आमचं बोलणं चाललंय."